केडगावच्या वाटेवरचा वाद

गेली दोन वर्षे माझी भाची थायलंडच्या ईशान्य भागात, इसान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीस प्रांतांपैकी एका प्रांतातल्या खेड्यात, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवीत आहे. तिकडची शाळा मार्चच्या मध्यास बंद होते ती मेच्या मध्यास पुन्हा भरते. सबब ऐन चैत्रात ती रजेवर घरी आली, आणि येताना आणखी एका वर्षाच्या मुदतीचा करारनामा पिशवीतून घेऊन आली. त्यावर सही करावी किंवा करू नये, एवढेच तिला मला विचारावयाचे होते. ज्या माणसाने शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षे हजेरीपट सांभाळला, आणि बदलीचे हुकूम हाती पडतील तसतसा या गावाहून त्या गावी संसार हलविला, त्याचे मत या बाबतीत काय असणार हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही तिने विचारले, आणि मी नको म्हणून सांगितले. ते ऐकून घेऊन ती म्हणाली, "मामा, आपण एकदा केडगावला जाऊन येऊ. वाटेत बोलू."

त्या दिवशी शिरूरहून न्हावरे, न्हावऱ्याहून पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून चौफुला, आणि तेथून केडगाव, अशा जाण्यायेण्यात आमच्यात जे बोलणे झाले ते आठवेल तसे येथे लिहून ठेवीत आहे.

गाडी गाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागताच मीच आरंभ केला. "तुझ्या पहिल्या जाण्याला माझा विरोध नव्हता. परमुलूख पाहावा, चार पैसे गाठीला बांधावे, असे तरुणपणी कोणालाही वाटते. माझा विरोध पुन्हा जाण्याला आहे. तुला शिक्षिकाच व्हावयाचे असेल, तर ते कोठे व्हावे याचाही विचार तू केला पाहिजेस. गाळपाचा हंगाम आला की या दोन तालुक्यांत बीडकडून, नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात, कोप्या घालून राहतात, आणि त्यांची मुले आपल्या गावची शाळा सोडून पाच-सहा महिने उसाच्या फडात वावरतात. तिकडे रांजणगावला औद्योगिक वसाहत झाल्यापासून आसपासच्या प्राथमिक शाळांतून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा मुलखांतून आलेल्या कामगारांची मुले बसू लागली. त्यांची घरची भाषा निराळी, शाळेची निराळी. परभाषेच्या मुलांना शिकविण्याची तुला एवढी ओढ आहे, तर त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन मला दिसत नाही."

"येथे मला नेमणूक कोण देतो?" तिने विचारले. "डी.एड. होऊन, पात्रता परीक्षा देऊन माझ्या मैत्रिणी भरतीची वाट पाहत वर्षानुवर्षे बसल्या आहेत. नेमणूक मिळालीच, तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२३ पर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला दरमहा सहा हजार मानधन होते, ते आता सोळा हजार झाले आहे. पण मी पैशाकरिता गेले असे तुमच्या मनात असेल, तर त्याचाही हिशेब देते. मधला दलाल माझ्या पगारातला वाटा दरमहा कापून घेतो. शेजारच्या गावी एक गोरा तरुण शिकवितो. शिक्षणशास्त्राचे एकही पुस्तक त्याने उघडलेले नाही, पण इंग्रजी ही त्याची मातृभाषा, म्हणून त्याचा पगार माझ्याहून जास्त. शाळेच्या बैठकीला मला बोलावितात. मत मात्र विचारीत नाहीत. पावसाळ्यात चार-चार दिवस कोणाशी मनातले बोलणे होत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सोळा तुकड्या माझ्याकडे आहेत. एका तुकडीची आणि माझी भेट आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पाचशेच्या वर मुले. त्यांची कागदावरची नावे लांबलचक, म्हणून घरात हाका मारण्याची लहान नावे मी पाठ केली. कोणी नोक, म्हणजे पाखरू. कोणी फोन, म्हणजे पाऊस. पाठ करता करता वर्ष सरते."

इतके सारे तिने आपण होऊन सांगितल्यावर माझे काम सोपे झाले असे मला वाटले. मी म्हणालो, "मग त्या नोकरीत तुला धरून ठेवणारे आहे तरी काय?"

तिने लगेच उत्तर दिले नाही. खिडकीबाहेर उसाचे फड आणि मधूनच कांद्याच्या ऐरणी मागे पडत होत्या. काही वेळाने ती सांगू लागली:

"शाळा भरून महिना झाला की जूनमध्ये एका गुरुवारी तेथे वाय ख्रू नावाचा समारंभ असतो. ख्रू म्हणजे आपला गुरू, आणि वाय म्हणजे हात जोडून नमस्कार. गुरुवारच का, असे मी विचारले, तेव्हा माझ्या सोबतीण शिक्षिकेने सांगितले की तो गुरूचा वार; त्यांच्या भाषेत त्या वाराचे नावच बृहस्पतीवरून पडले आहे. मुले केळीच्या पानांची आरास करून आणतात आणि तीत चार वस्तू ठेवतात. सुईसारख्या टोकदार कळ्यांची फुले. बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी म्हणून. वांग्याची फुले, कारण वांग्याला फळ धरावयाचे असले की फूल मान खाली घालते. तांदळाच्या लाह्या, शिस्तीसाठी. आणि चौथी वस्तू, मामा, दूर्वा. तुडविल्या, उपटल्या तरी पुन्हा फुटतात, म्हणून चिकाटीसाठी. घरापासून इतक्या दूर, ज्या गावात मला मीठ मागता येत नव्हते, तेथे एक सहा वर्षांचे पोर गुडघ्यांवर सरपटत माझ्यापुढे आले आणि त्याने दूर्वांची जुडी माझ्या हातात ठेवली. मी परकी आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते."

जन्मभर गणपतीला दूर्वा वाहिलेल्या मला त्या वर्णनावर तत्काळ काही बोलणे सुचले नाही. आचार्य हा शब्द त्यांच्याकडे आचान होऊन, भाषा हा शब्द फासा होऊन, विद्यालय हा शब्द थोडासा वळण बदलून नांदतो, हे तिने पूर्वी पत्रातून कळविले होते, आणि तेव्हा मला त्याचा एक प्रकारचा अभिमानही वाटला होता. पण शब्द तेथवर गेले म्हणून आपण तेथे घरचे होतो असे नाही, हेही तिनेच पुढे सांगितले.

"त्यांच्या भाषेत पाच सूर आहेत. अक्षर तेच, पण आवाज चढविला, उतरविला की अर्थ बदलतो. क्लाय असे सपाट म्हटले तर दूर. तोच उच्चार वरून खाली सोडला तर जवळ. शेजारची आजी मला रोज विचारी, तुझे घर कुठे, किती लांब. आणि मी रोज सांगे, जवळ आहे. तिला वाटू लागले, घर जवळ असून ही पोर घरी जात नाही, तेव्हा हिचे आईबापांशी वाकडे असावे. महिनाभर ती माझ्यासाठी चिकट भाताची टोपली पाठवीत राहिली, ती या कळवळ्याने. शेवटी तिच्या नातीने, माझ्याच वर्गातल्या मुलीने, माझा हात मनगटाशी धरला, आडवा सपाट फिरविला आणि म्हणाली, म्हणा. मग तोच हात उंच नेऊन खाली आणला आणि म्हणाली, म्हणा. दहा वर्षांची मुलगी. शिकविणे म्हणजे काय ते डी.एड.च्या दोन वर्षांत मला जेवढे कळले नव्हते, तेवढे त्या ओट्यावर कळले."

"त्या मुलीचे आईबाप?" मी विचारले.

"बँकॉकला कामावर. इसानच्या खेड्यांत घरोघर तेच आहे. शेती आहे, भात आहे, ऊसही आहे, पण कमावता माणूस राजधानीला, आणि नातवंडे म्हाताऱ्यांच्या पदरी. ते पाहताना मला आपल्याकडचे ऊसतोडीचे कोयते आठवले, आणि तिकडे आष्टी-पाटोद्याच्या गावांत नातवंडे घेऊन मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आठवल्या. मी येथे वाढले, मामा. पाचटाच्या कोप्यांवरून रोज शाळेत जात होते. पण ती मुले मला दिसली नव्हती."

हे तिचे बोलणे मनाला भिडणारे होते यात शंका नाही. तथापि भिडणारी गोष्ट योग्यच असते असे मानण्याचे माझे वय राहिलेले नाही. मी म्हणालो, "त्याच मुलीचा विचार कर. आईबाप नजरेआड. वर्गात वर्षाला एक परका शिक्षक येतो, नाव पाठ करतो आणि जातो. तुझ्याआधी किती आले?"

"दोघे. एक वर्ष पुरे होण्याच्या आत गेला."

"म्हणजे त्या पोरीला सोडून जाणाऱ्या माणसांत तुझी एकीची भर. आज नाही तर एका वर्षाने. शिक्षकाने राहिले पाहिजे. आपल्या नगरचे उदाहरण घे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, मुलींच्या शाळा चालवू लागली, १८३९ मध्ये नगरला गेली, आणि १८६२ साली नगरलाच तिने देह ठेवला. पस्तीस वर्षे. ज्योतिराव फुल्यांनी नगरला तिची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली. आपल्या शिरूरलाही त्याच अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. ती माणसे कोणत्या हेतूने आली, त्यांना आपल्या लोकांत काय पालट घडवून आणावयाचा होता, याविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते मी म्हणेनच. पण ती राहिली. एका वर्षाच्या करारनाम्यावर फुल्यांना पाहण्याजोगी शाळा उभी राहत नाही."

"फरारबाई १८२७ साली गलबतातून उतरली तेव्हा ती पस्तीस वर्षे राहणार आहे हे तिला तरी ठाऊक होते काय?" ती म्हणाली. "तिलाही पहिले वर्ष होते, मग दुसरे होते. तुम्ही मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परत बोलावता आणि मी राहिले नाही म्हणून दोषही मलाच देता."

पारगावचा पूल आला तेव्हा आम्ही दोघेही गप्प होतो. खाली भीमेच्या पात्रात पाणी थोडे आणि जलपर्णी फार, अशी स्थिती होती.

केडगावला मुक्ती मिशनच्या आवारात आम्ही दुपारी पोहोचलो. या जागेविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या वादाला खरे वळण तेथे मिळाले, आणि कारण पुणे-दौंड लोहमार्गावरून जाणाऱ्या हजारो माणसांना आपण कोणत्या गावावरून जात आहो याची जाणीव नसते.

ज्यांचे आईवडील व बहीण दुष्काळाच्या दिवसांतील वणवणीत एकामागून एक गेले, ज्यांनी भावासह पायी हिंडून पुराणे सांगितली, आणि ज्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता व सरस्वती म्हणून गौरविले, त्या, या जागेच्या संस्थापिका रमाबाई, १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन विलायतेस गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी. परंतु कानांनी ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला, आणि प्राप्त परिस्थितीत त्या जे झाल्या ते म्हणजे परदेशातील शिक्षिका. वाँटेजच्या मठात हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाचे व त्यांच्याकडून इंग्रजी शिकावयाचे, अशी परस्परांची सोय होती. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि त्याच वास्तूत स्वतः विद्यार्थिनी म्हणून बसू लागल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील या उदार मनाच्या होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही संस्कृत शिकवावे असा विचार त्यांनी पुढे आणला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनीच हरकत घेतली, की पुरुषांना शिकविल्याने मायदेशी या बाईच्या लौकिकाला बाध येईल. ज्या स्त्रीने मायदेशी पुरुषांनी भरलेल्या सभांतून शास्त्रार्थ सांगितला होता तिला स्वतंत्र म्हणविणाऱ्या देशात ही बंदी! मठात त्यांनी शाकाहार सोडला नाही, तर त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांनाही त्यात जातीचा अहंकार दिसला. भाचीने दूर्वांचे सांगितले ते आणि बैठकीत मत न विचारण्याचे सांगितले ते, अशी दोन्ही दुःखे-सुखे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केडगावच्या या बाईने भोगली होती, हे मला त्या आवारात उभे असता प्रथमच ध्यानात आले.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, मराठी मुलांसाठी वाचनमाला योजिली, गावोगाव व्याख्याने देऊन साहाय्य मिळविले, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदासदन काढले. ते पुढील वर्षी पुण्यास आले. तेथील मुली ख्रिस्ती होऊ लागल्या यावरून १८९३ च्या सुमारास जे वादळ उठले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या वादात मी त्यांच्या बाजूचा नाही. अनाथ व विधवा मुलींच्या असहायतेचा धर्मप्रसाराशी संबंध येऊ नये, असे मला आजही निक्षून वाटते. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून, रस्त्याच्या कडेला टाकलेल्या मुली उचलून आणण्यास त्या स्वतः निघाल्या, हेही तितक्याच निक्षून सांगितले पाहिजे. त्यात प्लेग आला. शहरात नवी माणसे आणून ठेवण्यास सरकारने मनाई केली. आणि फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० सालच्या दुष्काळानंतर येथे सुमारे दोन हजार जीव जेवत होते.

"आता आकडे सोडा आणि वर्ग डोळ्यांपुढे आणा," भाची म्हणाली. आम्ही रमाबाईंच्या समाधीपाशी बसलो होतो. "मध्य प्रांतातल्या मुली हिंदी बोलणाऱ्या. गुजरातच्या दुष्काळातल्या मुली गुजराती बोलणाऱ्या. शिकविणाऱ्यांत मिनी अब्राम्ससारखी अमेरिकन बाई. रमाबाई १८९८ मध्ये पुन्हा अमेरिकेस गेल्या तेव्हा हा सारा पसारा तिच्या हाती सोपवून गेल्या. आजूबाजूला मराठी बोलणारा दौंड तालुका. यात परका कोण, मामा? सगळेच परके. आणि येथे कोणी अंध मुलींना विसरले नाही. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि येथल्या अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याही येथल्याच मुली होत्या. आई-मुलगी परमुलखात जाऊन परक्या झाल्या नसत्या, तर हे त्यांना कोठून सुचले असते? सहा वर्षांनी रमाबाई परत आल्या. पहिल्या दोन वर्षांनी त्यांना कोणी मामा भेटला असता आणि म्हणाला असता, पुरे झाले, तर?"

"तू परत येणे कबूल करतेस, हे तुझ्याच तोंडून निघाले," मी म्हणालो. "रमाबाईंनी चेल्टनहॅमला जन्म काढला नाही. त्यांनी या माळावर जन्म काढला. मनोरमाबाई १९२१ साली आईच्या आधी गेल्या, आणि नऊ महिन्यांच्या आत १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईही येथेच गेल्या. बाहेर जे शिकल्या त्याचा जमाखर्च त्यांनी येथल्या मातीत मांडला. तुझ्या करारनाम्यात परत येण्याची तारीख कोठे आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही मला एक सांगा. तुमच्या वर्गात परभाषेचे मूल आले तेव्हा तुम्ही काय केलेत?"

हा प्रश्न तिने दुखविण्यासाठी विचारला नव्हता. मला मात्र त्याचे उत्तर पुष्कळ वर्षांपासून देणे लागत होते.

माझी नोकरी तेव्हा दौंड तालुक्यात, नदीकाठच्या एका दोन-शिक्षकी शाळेत होती. गावाबाहेर ऊसतोडणीचा तळ पडला होता, आणि त्यात काही कुटुंबे लमाणांची होती. मुकादमाची समजूत घालून मी सात-आठ मुले शाळेत आणली, याचा मला अभिमान होता. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर त्यांची नावे लिहून पुढे "तात्पुरती" असा शेरा मारला. त्यांत सात वर्षांची एक मुलगी होती. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाटी." मला वाटले, हिला वाटी हवी आहे. मी शाळेच्या कपाटातली पितळी वाटी काढून तिच्या हातात दिली. ती वाटीकडे आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटी म्हणाली, आणि मी पुन्हा वाटी दिली. तिसऱ्या दिवशी ती आली ती बोललीच नाही. होळीनंतर तळ उठेपर्यंत, म्हणजे चांगले तीन महिने, ती शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसत असे, आणि मी तिला शांत स्वभावाची मुलगी समजत असे. लमाणांच्या गोरमाटी बोलीत भाकरीला बाटी म्हणतात हे मला त्यानंतर चार-पाच वर्षांनी, दुसऱ्याच गावी, एका लमाण शिक्षकाच्या घरी जेवायला बसलो असता कळले. ताटातली भाकरी मी तेथेच ठेवली. फडात आईबापांमागे जाण्यापूर्वी त्या पोरीला सकाळी कोणी खायला दिले नसेल. आणि एकतीस वर्षांच्या नोकरीतील एका शिक्षकाने, ज्याला तालुक्यात चांगला शिक्षक म्हणत, तिला लागोपाठ दोन दिवस रिकामी वाटी दिली.

मी हे सांगितले तेव्हा भाचीने काही प्रत्युत्तर केले नाही. वाद जिंकल्याचा भावही तिच्या चेहऱ्यावर नव्हता. बऱ्याच वेळाने तिने एवढेच विचारले, "तिचे नाव काय होते?" मला ते सांगता आले नाही. हजेरीपट शाळेच्या दप्तरात असेल, किंवा नसेलही.

परतीच्या वाटेवर मी तिला म्हणालो, की माझे मत मी मागे घेत नाही. शिक्षकाने राहिले पाहिजे, आणि वर्षावर्षाच्या मुदतीने मुलांपुढे माणसे उभी करणे हा त्या मुलांवर अन्याय आहे, मग ती पद्धत तिकडची करारनाम्याची असो किंवा इकडची मानधनाची. पण तू तेथे जे शिकलीस ते येथे राहून मी शिकलो नाही, हेही मला कबूल आहे. ती म्हणाली, "मी सही करणार आहे, मामा. त्या मुलीच्या वर्गाचे प्राथमिक शाळेतले शेवटचे वर्ष आहे. तेवढे पुरे करून येईन. तारीख मी तुम्हाला लिहून देते."

पारगावजवळ रस्त्यालगत एका गुऱ्हाळावर आम्ही रस पिण्यास उतरलो. चुलवाणात जाळ होता, काहिलीतला रस उकळून पिवळा फेस वर येत होता, आणि आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वाळलेल्या चिपाडांचे भारे ओढून चुलवाणाच्या तोंडाशी आणीत होता. या भागातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कारागीर पुष्कळ असतात. हाही त्यांच्यापैकीच एकाचा मुलगा. भाचीने एक चिपाड उचलून त्याला हिंदीत विचारले, याला तू काय म्हणतोस? तो म्हणाला, "खोई." काहिलीतल्या घट्ट होत आलेल्या रसाकडे, आपल्या काकवीकडे, तिने बोट दाखविले. "राब." साच्यातून नुकत्याच काढलेल्या गुळाच्या ढेपेला तो भेली म्हणाला. तिने पिशवीतून एक वही काढली. तिच्या पानापानांवर थाई शब्द देवनागरीत लिहून त्यांवर आवाजाच्या चढउताराच्या रेघा ओढलेल्या होत्या. कोऱ्या पानावर तिने तीन शब्द लिहिले आणि मुलाला वाचून दाखविले. आपले बोलणे कागदावर उतरलेले पाहून तो भारा टाकून जवळ आला आणि चिपाडाकडे बोट करून त्याने तिला उलट विचारले, तुम्ही याला काय म्हणता?

मी त्याच्या बापाला विचारले, हा शाळेत का जात नाही. तो म्हणाला, दोन महिने घातला होता. येथली बोली येत नाही, नुसता बसून राहतो, म्हणून घातला तसा काढला.

मी त्याला म्हणालो, मी शिरूरला राहतो, मला आता काही काम नाही, येत्या गुरुवारी दुपारी येतो. पाटी मी आणीन. त्याने मालकाकडे पाहिले. मालकाने मान हलविली.

पुढची गाडी लांबून येताना दिसू लागली. भाचीने वहीतले ते पान जपून फाडले, घडी घातली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवले.